कापडात माप आहे

दर्जी स्वतःच्या मायच्या कफनातूनही बोटभर कापड मारते, असं आमच्या आर्णीत म्हणत. आता म्हणत नाहीत, कारण आता शिवायलाच कोणी येत नाही, सगळे तयार कपडे घेतात आणि माझ्याकडे पँटची लांबी कमी करायला येतात. पण माझ्या लहानपणी हे वाक्य बाजारात दर आठवड्याला एकदा तरी कानावर पडायचं, आणि ते पडलं की माझे अब्बा मशीन थांबवायचे. भांडायचे नाहीत. नुसते हात पुसायचे आणि पुन्हा पायडल मारायचे. त्यांचा एक नेम होता. शिवलेल्या कपड्याबरोबर त्या कपड्याचं कातरणही ते पुरचुंडीत बांधून परत देत, अगदी नखाएवढ्या चिंध्या. लोक हसत. बायका त्या चिंध्या घरी नेऊन चुलीत घालत. पण तीस वर्षांत आमच्या दुकानाला कोणी कापडचोर म्हणालं नव्हतं, आणि अब्बाची सगळी इस्टेट म्हणाल तर तेवढीच होती. ती बुडवायला मी चार दिवस घेतले.

समोर दुकान आणि मागे दोन खोल्या असं आमचं घर. दोन मशिनी होत्या. अब्बाची जुनी मशीन बैलासारखी एका लयीत चालायची, आणि माझी, म्हणजे मी जिच्यावर शिकत होतो ती, दर दहा टाक्यांनी खोकायची. अम्मी मागून आवाजावरून ओळखायची की आता कोण शिवतंय, आणि माझं चालू असलं की तिथूनच विचारायची, किती वेळा धागा तोडला. थंडीत कापसाच्या बैलगाड्या दुकानापुढून जात, सगळ्या रस्त्यावर कापूस उडे आणि तो कोऱ्या कपड्यांवर येऊन बसे. तो टिपत बसणं हेही माझंच काम. दुपारी तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर. अम्मी त्या भाजीत लसूण एवढा टाकायची की माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे उभं राहायचं. आज सून चांगलं करते, खोटं कशाला बोलू, पण त्या भाजीला गिऱ्हाईक मागे सरकायचं ही गोष्ट वेगळी होती.

मी सातवी नापास. गणितात नव्हे बरं. गणितात मी पास होतो, आणि हाच सगळा घोळ झाला. अब्बाला सही करता येत नव्हती, ते टेपवरचे आकडे वाचत पण कागदावर बेरीज करत नसत. मी मात्र खडू कानावर ठेवायचो आणि कापायच्या फळीवर बेरजा-वजाबाक्या लिहायचो, गिऱ्हाइकाला दिसतील अशा मोठ्या. सतरा वर्षांचा होतो, ओठावर चार केस होते, आणि आर्णीतला सगळ्यात शिकलेला दर्जी मीच अशी माझी खात्री होती. म्हणजे आर्णीत दर्जी चारच होते, त्यांतला एक मुका होता.

आता फातमाबीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. फातमाबी ही ट्रकमिस्त्रीची बायको, यवतमाळच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज. आमच्याकडे बायकांचं माप दर्जी घेत नसे. जुना कपडा यायचा, त्यावरून नवा शिवायचा. फातमाबीचा मात्र जुन्या कपड्यावरही विश्वास नव्हता आणि दर्जींवर तर नव्हताच. ती पोरीला घरी उभी करून स्वतः मापायची, किती कापड लागेल ते स्वतः ठरवायची, आणि दुकानातून बरोबर तेवढंच फाडून आणायची. बोटभर जास्त नाही, की दर्जीनं मारावं. रुंदीसाठी गाठी मारलेला एक दोरा आणि ते कापड एवढंच यायचं, आणि लांबी विचारली तर एकच उत्तर, "कापडात माप आहे."

आणि ते असायचंही. कारण कमीजचा आमचा नियम सगळ्या गावाला पाठ होता: लांबी दुप्पट, वर बाही. पुढचा भाग एक, मागचा भाग एक, म्हणून लांबीची दुप्पट. आणि दोन्ही बाह्या पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, शेजारी-शेजारी निघतात, त्यासाठी वर चोवीस इंच. लांबी माहीत असली तर कापड सांगणं सोपं, ते गाढवालाही यावं. फातमाबी आम्हाला उलटं जायला लावायची. कापड एवढं आहे, आता तूच सांग लांबी किती. अब्बा ते काम न बोलता, न लिहिता करत. कापड फळीवर पसरायचे, एका टोकाकडून बाहीएवढं मोजून कापून बाजूला ठेवायचे, आणि मग उरलेल्याची बरोबर मधोमध घडी घालायचे. घडी पडली ती लांबी. शंभर वेळा मी ते पाहिलं असेल. पाहिलं म्हणजे समोर बसून माशा मारल्या.

त्या थंडीत पांढरकवड्याहून निरोप आला की अब्बाची बहीण आजारी आहे. अब्बा निघाले. जाताना मला म्हणाले की काज-बटन कर, तुरपाई कर, कैचीला हात लावू नको. कैची हा दर्जीच्या घरात मान असतो. मशीन कोणीही चालवतो, पण कापायचं उस्तादानंच, कारण चुकीची शिलाई उसवता येते, चुकीचं कापलेलं जुळत नाही. मी मान हलवली. अब्बाची मोटार वळणावरून दिसेनाशी झाली आणि फातमाबीचं कापड आलं. हिरवं, बारीक पांढऱ्या बुंदक्यांचं, तीन गज, म्हणजे एकशे आठ इंच. तिच्या पोराचं लग्न होतं आणि पोरीची कमीज आठ दिवसांत हवी होती. घेऊन आलेल्या माणसाला मी सांगायला हवं होतं की उस्ताद नाहीत, ठेवून जा. मी काय म्हणालो ते लिहितानाही कान गरम होतात. म्हणालो, "मीच आहे उस्ताद."

खडू घेतला. नियम काय? लांबी दुप्पट, वर बाही. उलटं जायचं म्हणजे दुप्पटच्या जागी निम्मं आणि वरच्या जागी वजा. नियमात आधी दुप्पट येते, म्हणून मी आधी निम्मं केलं. एकशे आठचे निम्मे चोपन्न. मग बाहीचे चोवीस वजा. राहिले तीस. फळीवर मोठा तीस लिहून त्याभोवती गोल काढला. तसंच कापडाचं केलं. सगळ्या कापडाची आधी घडी घातली, आणि त्या घडीतून चोवीस इंच कापून काढले.

आता कोणी म्हणेल, अरे, तीस इंचाची कमीज पाहून तुला काही वाटलं नाही का. वाटलं ना. दोऱ्याच्या गाठी मोठ्या पोरीच्या होत्या आणि लांबी लहान लेकराची. शहाण्या माणसानं हिशोब पुन्हा तपासला असता. मी पोरीला तपासलं. मिस्त्रीची पोर मी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे मी ठरवून टाकलं की ती बुटकी आणि जाडी असणार, पाण्याच्या पिंपासारखी. बाही तर चोवीस इंचाची, म्हणजे तिचे हात जवळजवळ गुडघ्यापर्यंत येत असणार. मला तिची दयाही आली. शेजारच्या चहावाल्याला मी ते सांगितलंही, आणि तोही बिचारा हळहळला.

कमीज शिवून झाली आणि चोवीस इंचाचा एक अख्खा तुकडा उरला. फातमाबीच्या कापडातून कधी धागा उरत नसे आणि इथे एवढा तुकडा! मला वाटलं ही माझी हुशारी. अब्बा जे तीन गजांत करतात ते मी कमी कापडात केलं. तो तुकडा पुरचुंडीत घालून परत द्यायला हवा होता, आमच्या घराचा नेमच तो होता. मी दिला नाही. मनाला सांगितलं की परत दिला तर फातमाबीचा अंदाज चुकला असं होईल आणि बाईला वाईट वाटेल. हे मनाला सांगितलेलं. खरं हे की तो तुकडा मला आवडला होता. मी त्याची मशिनीला खोळ शिवली. माझ्या खोकणाऱ्या मशिनीला हिरवी, बुंदक्यांची, रस्त्यावरून दिसेल अशी. चोर तरी माल लपवतो.

अब्बा परतले ते बाजाराच्या दिवशी सकाळी. त्यांनी खोळेकडे पाहिलं, काही विचारायच्या आत दुकानापुढे फातमाबी उभी. बाजाराची गर्दी, आर्णीच्या आसपासचे तांड्यावरचे लोक आलेले, दोघं-तिघं गिऱ्हाईक बाकावर. तिनं कमीज फळीवर टाकली.

"उस्ताद, हे कमीज पोरीले शिवली का पोरीच्या बाहुलीले?"

बाकावरचे हसले. मग तिची नजर खोळेवर गेली आणि बाकावरच्यांची तिच्यामागोमाग. हसणं थांबलं. ती चोर म्हणाली नाही, हे मी तिच्याबद्दल अजून सांगतो. ती एवढंच म्हणाली की मी इतकी वर्षं बोटभर कापड जास्त देत नव्हते, लोक मला कंजूष म्हणायचे, आता म्हणणार नाहीत. अब्बा उठले. खोळ काढली, घडी घातली आणि दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कैची ठेव."

त्या दुपारी सोल्यांची भाजी तशीच राहिली. अम्मीनं ताट वाढलं, अब्बानं भाकरीचा तुकडा मोडला आणि परत ठेवला. मी फळीवर हिशोब काढून दाखवायला लागलो, एकशे आठ, निम्मे चोपन्न, आणि अब्बा तो ऐकत होते पण त्यांना लिहिलेलं कळत नव्हतं, आणि मला वाटलं की अडाणी माणसाला काय सांगायचं. बघा, त्या वेळीही! शेवटी ते म्हणाले की पांढरकवड्याला हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक थांबतात, एक ओळखीचा ड्रायव्हर आहे, सोमवारी त्याच्याकडे जा, क्लीनर म्हणून ठेवील. माझ्या दुकानात माझ्या नावाला डाग लावणारा नको. अम्मी पदर तोंडाला लावून मागे गेली. मला दुकानातून काढल्याचं दुःख कमी आणि माझा हिशोब बरोबर असून कोणी मानत नाही याचा राग जास्त होता.

आमची घरातली बोली दखनी, बाजारातली वऱ्हाडी. पुढचं बोलणं मी बाजारातल्या बोलीत लिहितो, कारण आता जी येते तिनं आयुष्यभर माझ्याशी भांडताना तीच वापरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फातमाबी पुन्हा आली. बरोबर तिची पोर. जुलेखा तिचं नाव. पिंप नव्हती. माझ्यापेक्षा दोन बोटं उंच होती, चेहऱ्यावरची ओढणी नीट धरलेली, आणि हातात एक गाठोडं. ते तिनं अब्बासमोर फळीवर सोडलं. कमीज सगळी उसवलेली होती, टाका न टाका, कापड कुठे न फाटता. खोळही उसवलेली. तिनं तुकडे मांडले. पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या, आणि उरलेला चोवीस इंचाचा तुकडा. सगळे टोकाला टोक लावून ठेवले तर तीन गज भरले, धागा कमी नाही.

"चाचा, हा चोर नाही," ती म्हणाली. "चोराले हिशोब येते. याले येत नाही."

अब्बा फळीवर वाकले. तिनं दाखवलं की यानं आधी घडी घातली आणि मग बाही कापली. घडीत कापड दुहेरी होतं, म्हणून बाही एकदा कापायची ती दोनदा कापली गेली. एक बाह्यांना लागली, दुसरी मशिनीच्या अंगावर गेली. मी मध्येच म्हणालो की नियमात आधी दुप्पट आहे, नंतर बाही, मी त्याच क्रमानं गेलो. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"कपडा उसवतानी पहिले कोणती शिलाई उसवतं?"

"शेवटची," मी म्हणालो. हे काय विचारायचं. आधी खांदा जोडतात, मग बाही, मग बाजू, मग खालची तुरपाई. उसवताना आधी तुरपाई, मग बाजू, आणि सगळ्यात शेवटी खांदा. हे मला येत होतं. मी चुकीचं एवढं शिवलं होतं की उसवण्यात माझा हात कोणी धरला नसता.

"मंग इथं काहून नाही?" ती म्हणाली. "मायनं बाही शेवटी मिळवली. ते पहिले काढ. मंग निम्मं कर."

मी फळीवर मनातल्या मनात लिहिलं. एकशे आठमधून चोवीस गेले, चौऱ्याऐंशी. निम्मे बेचाळीस. मी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच्या अंतराकडे, आणि ते बेचाळीसच होतं. अब्बांनी कोपऱ्यातला हात पुसायचा फडका उचलला. वाटलं आता माझ्या तोंडावर मारतात. ते हसत होते, आवाज न करता, आणि फडक्यानं डोळे पुसत होते. तीस वर्षं ते जे हातानं करत होते, ते का करतात हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं असं ते पुढे सांगत. मला ती त्यांची भलाई वाटते. त्यांना माहीत होतं. मलाच सांगायचा कंटाळा केला होता, कारण मी ऐकणारा नव्हतो.

उपायही तिनंच सांगितला. उरलेला चोवीसचा तुकडा मधून कापायचा, बारा पुढे जोडायचा, बारा मागे. तीस आणि बारा बेचाळीस. अब्बांनी कैची माझ्या हातात दिली आणि म्हणाले, काप. मी कैची उघडली तशी फातमाबीनं डोळे मिटून घेतले. जोड शिवला, वर पांढरी पट्टी फिरवून झाकला. सोमवार आला आणि गेला, पांढरकवड्याचा ड्रायव्हर क्लीनरविना हैदराबादला गेला. फक्त एक राहिलं. जोडाच्या शिलाईत कापड जातंच. कमीज बेचाळीसची एक्केचाळीस झाली. एक बोट कमी. भावाच्या लग्नात जुलेखा ती घालून फिरली, आणि बायकांनी ती पट्टी फॅशन समजून माझ्याकडून तशाच चार कमीजा शिवून घेतल्या. तुम्हाला खोटं वाटेल, पण माझा धंदा चुकीवरच बसला.

दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. कोणाच्या मनात कसं आलं ते मी इथे लिहीत नाही, ती असती तर तिनं लिहू दिलं नसतं. आयुष्यभर तिनं मला माप दिलं नाही. कापड आणायची, बरोबर फाडलेलं, माझ्यापुढे टाकायची आणि म्हणायची, कापडात माप आहे. मी बाही आधी काढायचो, मग निम्मं करायचो. पाहुण्यांसमोर सांगायची की यांनी मला एक बोट कमी शिवलं होतं, ते अजून बाकी आहे. आणि कधीकधी, दोघंच असलो म्हणजे, म्हणायची की मी त्या दिवशी चाचासमोर तुले चोर नाही म्हटलं, पण खोळ तं तू मारलीच होती ना. तिला सगळं माहीत होतं. तिनं मूर्ख ठरवून मला वाचवलं, आणि मूर्ख मी होतोच, म्हणून ते खोटंही ठरत नाही.

नात अकरावीला आहे. मागे ती पाठ करत बसली होती, वाय बरोबर दोन एक्स अधिक चोवीस, तर एक्स किती. पुस्तकातला आकडा वेगळा असेल, मला चोवीसच ऐकू आलं. ती म्हणाली, दादा, याला व्यस्त फल म्हणतात, तुम्हाला नाही कळणार. मी म्हणालो, आधी चोवीस काढ, मग निम्मं कर. तिनं तसं करून पुस्तकामागचं उत्तर काढलं, ते जुळलं. मी म्हणालो, तुझ्या दादीची कमीज आहे ती. तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दादीला जाऊन तेव्हा महिनाच झाला होता.

मागच्या थंडीतली गोष्ट. जुलेखा सकाळी गेली, दुपारच्या नमाजनंतर नेणार होते. पोरांनी बाजारातून पांढऱ्या कापडाचं थान आणलं आणि म्हणाले, अब्बा तुम्ही बसा, दुसरं कोणी कापेल. मी म्हणालो, कैची आण. या वेळी कापडात माप नव्हतं, थान तसंच आलं होतं, कोरं. माप माझ्याजवळ होतं. टेप लागली नाही. कफनीला, म्हणजे कफनातल्या सदऱ्याला, पुढचा भाग आणि मागचा भाग एकाच लांब कापडातून येतो, मधे गळा कापायचा. बाही नसते. वर मिळवायला काही नाही, पहिले काढायला काही नाही, नुसती दुप्पट. सातवी नापास माणसाला चुकायला जागाच नव्हती.

तरी थोरल्या पोरानं पाहिलं. तोही दर्जीचाच पोरगा. म्हणाला, अब्बा, थोडी लांब होते.

मी म्हणालो, असू दे. एक बोट आहे.